हातात नसलेला काटा

माझ्या उजव्या हाताच्या एकाही बोटात अंगठी जात नाही. बोटं आतून फुगलेली आहेत, तर्जनी आणि मधलं बोट सगळ्यात जास्त, गाठी हाडातच आहेत, दगडासारख्या टणक. मनगटावर आणि तळहाताच्या कडेला दुसऱ्या गाठी, निळ्या-जांभळ्या, मऊ. दाबल्या की बसतात, सोडल्या की पुन्हा भरतात. सगळ्यात मोठी पिकलेल्या जांभळाएवढी आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण भेटणारा प्रत्येक माणूस पहिल्यांदा हात बघतो आणि मग उगाच पावसापाण्याच्या गोष्टी काढतो. बघा आणि मोकळे व्हा.

आमचं घर रेवदंड्याला, खाडीच्या तोंडाशी. वडील होडीवर जातात. आई मासे विकते, उरलेले सुकवते. मी घरातली पहिली ग्रॅज्युएट, आणि घरातली म्हणजे आईकडून आणि वडिलांकडून दोन्हीकडून मोजलं तरी पहिली. हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगते.

तर अशा मासेवाल्या घरात पंधरा वर्षं शिंगाळा शिजला नाही. शिंगाळा म्हणजे मिशा असलेला, खवले नसलेला, गुळगुळीत कातडीचा मासा. पाठीवर एक आणि दोन बाजूंना दोन असे तीन काटे असतात, ताठ उभे. सवय नसलेल्या माणसाने पाटीत हात घातला की काटा घुसलाच, आणि मग रात्रभर ठणका. आईला हा मासा फार आवडायचा. त्याचं कालवण आणि त्याची गाबोळी, गोट्यांएवढी मोठी मोठी अंडी. तिने तो सोडला माझ्यामुळे. खरं तर माझ्यामुळे नाही, तिला स्वतःला जे वाटत होतं त्यामुळे.

झालं असं होतं. मी चार वर्षांची होते. आई मला घेऊन बंदरावर गेली होती. लिलाव पुकारला गेला तशी तिने मला आपल्या पाटीजवळ बसवलं आणि ती धावली. दोन मिनिटं, असं ती म्हणते. पाटीत शिंगाळे होते. मी हात घातला. किंकाळी ऐकून ती परत आली तेव्हा काटा माझ्या तळहातात होता. तिने तो उपसला, गरम राखेचा शेक दिला. हात सुजला आणि उतरला. पण काट्याचं टोक मोडलंय का ते नीट बघायचं राहून गेलं, आणि ते राहून गेलेलं बघणं तिच्या जिवाला लागलं. कारण वर्षभरात त्याच हातावर पहिली निळी गाठ आली आणि मग बोट फुगायला लागलं.

आमची आत्या, वडिलांची थोरली बहीण, दोन घरं सोडून राहते. तिची जीभ आमच्या आळीत प्रसिद्ध आहे. ती ओट्यावर बसून, कुणाला सांगतेय हे न दाखवता सांगायची, "माशाचा काय दोस? पोर पाटीजवल टाकून कुनी गेला तर मासा काय करल?"

आई कधी उलट बोलली नाही. एरवी गिऱ्हाइकाला एका शब्दात गप्प करणारी बाई, पण या एका गोष्टीवर तिची मान खाली.

मी सहा वर्षांची असताना तालुक्याच्या गावी एका छोट्या दवाखान्यात माझ्या हाताचा पहिला एक्स-रे काढला. डॉक्टरने फिल्म दिव्यासमोर धरली आणि म्हणाला, "हा पांढरा ठिपका दिसतो ना? आत काहीतरी राहिलेलं असेल." बस्स. आईला तेवढंच ऐकायचं होतं आणि तेवढंच ऐकायचं नव्हतं. त्याने गाठीवर चीर दिली. काटा काही सापडला नाही, रक्त मात्र थांबेना. त्याने घाबरून बोळे दाबले, बराच वेळ दाबून धरले, टाके घातले आणि मोठी झाल्यावर बघू म्हणाला. परत येताना आईने रिक्षा किनाऱ्यावरच्या देवीच्या देवळाशी थांबवली. माझ्यासमोर तिने हात जोडले आणि मोठ्याने म्हणाली, "माझ्या बायच्या हातातला काटा निघंपरत मी शिंगाला तोंडात घेनार न्हाय."

वडिलांच्या वाट्याला शिंगाळा आला तर तो तसाच्या तसा आत्याकडे जायचा. संध्याकाळी तिच्या घरातून कालवणाचा वास यायचा आणि आई मुकाट्याने वाकटीची, म्हणजे सुकवलेल्या पट्टीसारख्या माशाची, चटणी करायची.

मला माशाच्या कामाला कुणी हात लावू देत नसे. निळ्या गाठीला जरा लागलं की रक्त यायचं आणि कोयता तर फार दूरची गोष्ट. वडील एकदा म्हणाले, "हिचा हात कामाचा न्हाय, तर जाऊ दे साळेत." ते प्रेमानेच म्हणाले, आणि मी गेले. बरोबरीच्या मुली आठवी-नववीनंतर आयांच्या पाट्यांशी बसल्या, मी वर्गात बसून राहिले. शाळेत मुलं मला गाबोळी म्हणायची, बोटांच्या गाठींमुळे. पहिल्यांदा रडले. मग एक दिवस त्यातल्या एकाला विचारलं, "गाबोलीचा भाव ठावं हाय काय तुला? तुझ्या घरात शिजली हाय कंदी?" त्यानंतर चिडवणं थांबलं नाही, पण त्यातली मजा गेली.

कॉलेज अलिबागला. रोज सहा आसनी रिक्षातून जाऊन-येऊन. तिसऱ्या वर्षाच्या परीक्षेला सव्वा महिना उरला होता आणि मी मागच्या दारी चादर पिळत होते. जड चादर, पाणी धरलेली. काड असा आवाज आला. आधी वाटलं दोरीच तुटली. मग तर्जनी बघितली, ती भलत्याच बाजूला वळलेली.

अलिबागच्या डॉक्टरांनी फिल्म बघितली आणि बोट फळीला बांधून म्हणाले, "मुंबईला मोठ्या सरकारी हॉस्पिटलात दाखवा." वडील बरोबर आले. आई आली नाही. म्हणाली, "मी आले का डाक्टर मनाच इचारल, कसा झाला म्हनून."

तिथली डॉक्टरीण आईच्याच वयाची होती. तिने माझे दोन्ही हात, दोन्ही पाय, पाठ, सगळं तपासलं. मग समोर बसवून सांगितलं. हाडांच्या आत कूर्चेच्या गाठी होतात, कूर्चा म्हणजे नाकाच्या शेंड्याला असतं ते मऊ हाड. त्या हाड आतून पोखरतात, म्हणून चादर पिळतानाही मोडतं. आणि कातडीखाली होतात त्या रक्तवाहिन्यांच्या गाठी. ही दोन्ही दुखणी एकाच माणसात भेटली की हा आजार. त्याला कुठल्या परक्या देशातल्या डॉक्टरचं नाव आहे, ते मला तिने कागदावर लिहून दिलं कारण मी मागितलं.

"असे पेशंट मी इतक्या वर्षांत बोटांवर मोजण्याइतके पाहिलेत," ती म्हणाली, आणि बोलून झाल्यावर माझ्या बोटांकडे बघून तिने जीभ चावली. मी हसले. मग तीही हसली. वडील बिचारे दोघींकडे बघत राहिले.

तिने वाईटही लपवलं नाही. यातली एखादी गाठ पुढे कधीतरी बिघडू शकते, कॅन्सरची होऊ शकते. म्हणून दर वर्षी दाखवायचं, आयुष्यभर, आणि गाठ एकदम वाढली किंवा दुखायला लागली तर वर्षाची वाट बघायची नाही. मी विचारलं, "हे कशाने होतं?"

"आईच्या पोटात बाळ घडत असताना एखाद्या पेशीत चूक होते. आईबापांकडून येत नाही. कुणाच्या करण्याने होत नाही."

"माशाचा काटा घुसल्याने?"

"नाही."

"मग एक्स-रेत पांढरे ठिपके दिसतात ते?"

"खडे आहेत ते. त्या निळ्या गाठींमध्ये रक्त साचून राहतं, त्याचे चुन्यासारखे खडे बनतात."

"काट्याचा संबंध नाही असं लिहून द्याल का? मराठीत? आणि खाली शिक्का?"

तिने माझ्याकडे बघितलं, लिहून दिलं आणि शिक्का मारला. मी तो कागद लाँचमध्ये दोनदा काढून वाचला. मला वाटलं, झालं. शिकलेल्या माणसाचा कागदावर फार विश्वास असतो.

घरी आल्यावर मी आईला खाली बसवलं आणि सगळं समजावलं. पेशी, कूर्चा, रक्तवाहिन्या. माझ्या शाळेच्या जुन्या पाटीवर चित्रं काढली. कागद वाचून दाखवला. ती नीट ऐकत होती. शेवटी म्हणाली, "चांगला सांगतेस गो. शिकलीस ना."

"आये, मग तुझं काही चुकलं नाही, कळलं ना?"

"कागद तूच लिवून आनलास बाय. माझ्यासाटी." आणि ती चुलीकडे वळली.

मला तिचा राग आला. खोटं कशाला बोलू? तीन वर्षं कॉलेज करून जे मिळालं ते मी तिच्यापुढे ओतलं होतं आणि तिने ते लेकीची माया म्हणून बाजूला ठेवलं.

परीक्षा मी डाव्या हाताने दिली. लेखनिक मिळत होता. मॅडमनी अर्जसुद्धा आणून दिला. पण माझ्या डोक्यातलं दुसऱ्याने का लिहावं? महिनाभर रोज डाव्या हाताने पानंच्या पानं गिरवली, पहिलीतल्या पोरासारखी वेडीवाकडी. वाढीव वेळ मात्र घेतला, तो माझा हक्कच होता. दुसरा वर्ग मिळाला. ज्याने ते पेपर तपासले त्या माणसाचे मी आजही मनातल्या मनात आभार मानते.

परीक्षेनंतर मुंबईला ऑपरेशन झालं. तर्जनीच्या हाडातली गाठ खरवडून काढली, पोकळी कमरेच्या हाडाने भरली, काढलेला तुकडा तपासायला पाठवला. त्याचा अहवाल चांगला आला. तो दिवस मी इथे दोन ओळींत उरकते, पण तेव्हा तो फार लांबला होता.

थंडी सुरू झाली तशी पुन्हा तपासायला बोलावलं होतं. त्याच आठवड्यात कॉलेजात डिग्रीचा कागद मिळाला. मी एकाच पिशवीत डिग्री आणि एक्स-रेचा मोठा लखोटा घेऊन दुपारी घरी आले. आई मासे सुकवायच्या खळ्यावर होती, वलांडीवर, म्हणजे बांबूच्या आडव्या काठ्यांवर, बोंबील टांगत होती. बाजूला सकाळी विकून उरलेल्या ढोमी माशांची पाटी. मी डिग्री काढली. तिने हात आधी पदराला पुसले, मग माझ्या ओढणीला पुसले, आणि तो कागद दोन्ही हातांनी कडेकडेने धरला. वाचता येत नाही तिला. तरी वरपासून खालपर्यंत बघितलं.

"ह्यात तुझा नाव कुठं?"

मी दाखवलं. तिने त्यावर बोट ठेवलं नाही, थोडं वर धरलं. मग लखोट्याकडे बघून विचारलं, "आनि ह्यो?"

"हाताचा फोटो. नवा."

ती उठली, घरात गेली. पत्र्याची पेटी सरकवल्याचा आवाज आला. परत आली तेव्हा तिच्या हातात प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली एक जुनी फिल्म होती. पंधरा वर्षांपूर्वीची. ती तिने जपून ठेवली आहे हे मला माहीतच नव्हतं. वडिलांनाही नव्हतं.

"दोन्ही दाव," ती म्हणाली.

मी दोन्ही फिल्म उन्हात शेजारी-शेजारी धरल्या. जुन्यात माझा इवलासा हात आणि एक पांढरा ठिपका. नव्यात मोठा हात, तर्जनीत भरलेलं हाड, आणि ठिपके. ती जवळ आली. घासाघीस करताना माशाचे डोळे बघते तशी बघत होती.

"ह्यो तवाचा. येक." मग नव्या फिल्मवर बोट फिरवत मोजलं. "दोन, तीन... पाच... सात." थांबली. पुन्हा मोजलं. "येकाचे सात कशे झाले?"

मी तोंड उघडलं होतं. रक्त, चुना, खडे, सगळं जिभेवर होतं. का कोण जाणे, मिटून घेतलं.

"काटा काय पोरा घालतो?" ती स्वतःशीच म्हणाली. आणि मग माझ्याकडे वळून, जणू मीच तिला पंधरा वर्षं फसवलं होतं अशा आवाजात, "आनि ह्ये वाटोले हायत गो! शिंगाल्याचा काटा लांब असतो. सुईवानी. दोनी कडंला करवतीसारके दाते. टोक मोडला तरी टोकच राहील, वाटोला कसा व्हईल?"

तिने पाटीतली एक ढोमी उचलली, कोयत्याने डोक्याचे दोन भाग केले, आतून काहीतरी टोकरून काढलं आणि तळहातावर ठेवलं. पांढरे शुभ्र, गुळगुळीत दोन खडे. ढोमीच्या डोक्यात असे खडे असतात. लहानपणी आम्ही ते जमवून खेळायचो. त्यातला एक तिने पुसला आणि नव्या फिल्मवर, ठिपक्याच्या शेजारी धरला.

"असा हाय ह्यो. खडा. काटा न्हवं."

"डॉक्टरीणबाई पण खडाच म्हणाली, आये."

"मंग बराबर बोल्ली," आई म्हणाली. म्हणजे मुंबईची डॉक्टरीण आता पास झाली.

ती खाली बसली. बराच वेळ ढोमीचे खडे एका हातातून दुसऱ्या हातात घेत राहिली. मग विचारलं, "मंग मी काय केला तुना?"

"काय न्हाय केलास."

"काय न्हाय केला," ती म्हणाली. मग पुन्हा, जरा मोठ्याने, "काय न्हाय केला मी!" आणि उठून कुंपणाशी गेली आणि अख्ख्या आळीला ऐकू जाईल अशी हाक मारली, "वन्सं! ओ वन्सं! जरा हिकडं या!"

आत्या आली, जेवता जेवता उठून, उष्ट्या हाताने. आईने तिला उन्हात उभं केलं आणि दोन्ही फिल्म तिच्यापुढे धरून, सात ठिपके मोजून, खडे दाखवून, सगळं सांगितलं. माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं. आत्याही मासेवाली. काटा कसा असतो हे तिला शिकवावं लागत नव्हतं. तिने खडा उष्ट्या बोटांनीच उचलला, फिल्मवर लावून बघितला, दोनदा लावला.

"खडाच हाय," शेवटी म्हणाली. मग जरा थांबून, "मी कवा बोल्ले काटा हाय म्हनून?"

आई हसायला लागली. मी तिला या विषयावर हसताना पहिल्यांदा बघत होते. मग मीही हसले, आणि आत्या, "बोंबील राखा, कावला बसलाय," असं काहीतरी पुटपुटत घरी गेली.

नवसाचं तेवढं राहिलं होतं. काटा निघेपर्यंत शिंगाळा नाही, असा शब्द दिलेला. काटा तर निघाला नव्हता. वडील म्हणाले, कुणाला तरी विचारून घेऊ. आई म्हणाली, "बोलले मी, इचारनार पन मीच." दुसऱ्या दिवशी सकाळी नारळ घेऊन आम्ही दोघी देवळात गेलो. तिने नारळ ठेवला, हात जोडले आणि देवीशी असं बोलली जसं बंदरावर जुन्या मैत्रिणीशी बोलावं.

"बग, काटा नव्हताच. नव्हता तो निघल कसा? तुना ठावं व्हता, मना बोल्ली न्हायस. जाऊ दे. आता माझा शिंगाला मना परत दे." मग जरा विचार करून, "आनि बायच्या हाताकडं ध्यान दे. तो आजार खरा हाय."

ते ऐकून मला शाळेच्या पाटीवर काढलेली चित्रं आठवली. म्हणजे तेव्हाचं सगळं तिने ऐकलं होतं.

चार दिवसांनी वडिलांच्या जाळ्यात मोठा शिंगाळा आला, गाबोळीने भरलेला. आईने तो पाटावर ठेवला आणि मला हाक मारली. कोयता माझ्या डाव्या हातात दिला. "पयले काटे मोडायचे. मुलापासून. मंग बाकीचा." बावीस वर्षांची होईन इतक्यात, मासेवाल्याची लेक, आणि आयुष्यात पहिल्यांदा मासा नीट करत होते. तिन्ही काटे मोडले. तिने ते एकेक करून उचलले, टोकं नीट बघितली, मगच फेकले.

आता मी कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. वर्षातून एकदा मुंबईला जाते. नवी फिल्म आणली की आई ती आधी बघते, ठिपके मोजते, हाडाच्या गाठींचा आकार जुन्या फिल्मशी ताडून बघते, आणि मागच्या खेपेला एका बोटाबद्दल तिने जे म्हटलं तेच डॉक्टरीणबाईने म्हटलं: "जरा वाढलीय, लक्ष ठेवू." आम्ही ठेवतोय. गाठी आहेत, राहतील. हात माझा आहे.

पण मला त्या दिवसाचं जेवण सांगायचं होतं. आईने कालवण केलं, चिंच-लसणाचं, तिखट. आत्याला बोलावलं. आत्या म्हणाली नको, पोट भरलंय, आणि आली. आईने मला गाबोळी वाढली, ताटाच्या मधोमध, माझ्या बोटांच्या गाठींएवढी एकेक. मग स्वतः पहिला घास घेतला, पंधरा वर्षांनी. डोळे मिटून चावत राहिली, आम्ही तिघं तिच्याकडे बघत होतो. गिळला. डोळे उघडले. आत्याने तोवर दुसऱ्यांदा वाटी पुढे केली होती. आईने तिला शेपटीकडचा मोठा तुकडा वाढला आणि म्हणाली,

"वन्सं, जपून खावा. काटा रवला तर परत माझाच नाव घ्याल."